तिसरा पुकारा

माझ्या वडिलांनी जन्मभर लोकांची नावं घेऊन हाका मारल्या आणि सरकारनं त्यांना त्याचाच पगार दिला. नागपूरच्या कोर्टात ते पट्टेवाले होते. पट्टेवाल्याला कामं पुष्कळ. फायली नेणं, माठ भरणं, साहेबांची खुर्ची पुसणं, हे सगळं ते करत, पण त्यांचं खरं काम पुकाऱ्याचं. खटल्याची वेळ झाली की दाराबाहेर यायचं आणि व्हरांड्यात पसरलेल्या गर्दीवरून आवाज टाकायचा, "किसन वल्द धोंडबा, हाजिर हो!" वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. इंग्रज गेले, मध्यप्रांत गेला, महाराष्ट्र आला, पण हा वल्द आमच्याकडच्या कोर्टातून काही हलला नाही. बाबांनाही तो हलायला नकोच होता. ते म्हणत, "नुसत्या किसनाले हाक मारली तं धा किसन उठतेत. बापाचं नाव लावलं का एकच उठते."

पुकारे तीन. पहिला साध्या आवाजात, दुसरा चढ्या, आणि तिसरा असा की आवारातल्या कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे अर्जनवीससुद्धा लिहिता लिहिता थांबत. तिसऱ्यालाही कोणी आलं नाही तर बाबा आत जात, मान खाली घालत आणि म्हणत, "कोणी नाही, साहेब." मग साहेब लिहायला घेत आणि त्या माणसाचं जे काय व्हायचं ते त्याच्यावाचून होऊन जाई. जमीन, घर, बायको, जे असेल ते. हे शब्द बाबांना फार जड जात. तोंड कडू होते, म्हणायचे. संध्याकाळी घरी येऊन ते मोरीत उभे राहून गुळण्या करायला लागले की माय मला हळूच सांगायची, "आज कोनाचं तरी 'कोनी नाही' झालं वाटते."

म्हणून त्यांनी कायद्याच्या पोटात स्वतःचा एक छोटा कायदा करून ठेवला होता. पहिल्या आणि दुसऱ्या पुकाऱ्यात ते फारसं अंतर ठेवत नसत. पण दुसरा झाला की त्यांना एकदम कामं सुचत. टोपी काढून, झटकून पुन्हा घालायची असे. माठातलं पाणी प्यायचं असे. चपलेत हमखास खडा गेलेला असे. "दुसऱ्या अन् तिसऱ्याच्या मधात मानूस येते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ते त्यांनी घरातही सगळ्याला लावून ठेवलं होतं. नळाचं पाणी, उशिरा येणारा पाहुणा, माझं लग्न. मला दोन ठिकाणांहून नकार आला तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली होती आणि हे एकटे खुशीत. "दोन झाले ना? आता येते पाहा." तिसरं स्थळ आलं ते धरमपेठेतलं. जुन्या महाल भागातल्या आमच्या गल्लीला धरमपेठ म्हणजे परदेशच, पण मुलगी तिकडे पडली याच्यापेक्षा आपला कायदा खरा ठरला याचाच त्यांना जास्त आनंद झाला होता.

असा गडगडाटी आवाज असलेला माणूस घरी कसा बोलत असेल, असं लोकांना वाटायचं. घरी ते जवळजवळ कुजबुजतच बोलत. आवाज सरकारचा आहे, तो घरी वापरायचा नाही, असं त्यांचं गमतीचं म्हणणं. खिशात नेहमी खडीसाखर आणि मिरे. एप्रिलच्या उन्हात डोक्याला ओला दुपट्टा, दुसऱ्या खिशात कांदा, आणि सायकलवर महालातून सिव्हिल लाइन्सपर्यंत तोंड मिटून जायचं, कारण झळ घशात गेली तर पुकारा बसतो. वाटेत कोणी रामराम घातला तर नुसती मान हलवत. त्यामुळे निम्म्या महालाला ते शिष्ट वाटत, आणि आमच्या घरात पाऊल टाकलेल्या माणसाला ते मुके वाटत.

आम्हा भावंडांना, म्हणजे मला आणि धाकट्या वसंताला, मात्र रोज सकाळी एक पुकारा फुकट मिळे. आमच्या अंथरुणाशी उकिडवे बसून ते अगदी हळू म्हणत, "सुमन वल्द गनपत, हाजिर हो." मुलीला वल्द लावत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, पण आमच्या घरात चालायचं. मी डोळे मिटून दुसऱ्याची वाट बघायची. दुसरा झाला की ते थांबत, टोपी झटकल्याचा आवाज काढत, खोटं खोटं पाणी पीत. तिसऱ्याच्या आत "हाजिर!" म्हटलं नाही तर पोहे एकतर्फी वसंताला जात. वडिलांचं नाव गणपत आहे हे मला कळलं ते त्यांच्याच तोंडून. घरात दुसरं कोणी ते घेतच नव्हतं.

माय कशी घेणार? बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असे. पण मायच्या बाबतीत ही नुसती ऐकीव गोष्ट नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीनं विहिरीवरून बुजलेला बैल नवऱ्याच्या अंगावर जाताना पाहिला आणि घाबरून नावानं हाक मारली. बैल बाजूनं निघून गेला, नवरा वाचला. आणि त्याच वर्षी तापानं गेला. बैलानं नाही मारलं, हाकेनं मारलं, असं मायच्या माहेरी सगळे मरेपर्यंत म्हणत राहिले. तेव्हापासून मायच्या ओठांना जणू टाके घातले होते. बाबांना ती "हे" म्हणे, समोर असले तर "ऐकता का". सासऱ्यांचं नाव महादेव. ते घेणं तर त्याहून मोठं पाप.

बाबाही तिचं नाव घेत नसत. सगळ्या जिल्ह्याची नावं घेणारा हा माणूस कौसल्या हे नाव मात्र कधी बोलला नाही. "अवं", नाहीतर "सुमेची माय". गल्लीच्या वळणावर सायकलची घंटी वाजे आणि माय चुलीवर चहा ठेवी. एकदा ती टायफॉइडनं आजारी होती. औषधाची वेळ झाली की बाबा तिच्याजवळ बसत, आणि तिला उठवायचं कसं हे त्यांना समजत नसे. नाव तर घ्यायचं नाही, अंगाला हात लावून हलवायचं तर आम्ही पोरं समोर. मग ते तिच्या मनगटातल्या बांगड्या एका बोटानं हलवत. किणकिण झाली की ती डोळे उघडी. इतकं नाजूक काही मी पुढं कोणत्या नवऱ्याला करताना पाहिलं नाही, माझा धरून.

राशनकार्डाची गोष्ट आमच्या गल्लीत पुष्कळ वर्षं चालली. बाबा ड्यूटीवर, म्हणून माय एकटीच ऑफिसात गेली. कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं.

"गौरीचा लेक," माय म्हणाली.

"बाई, गौरीचं नाव कोण विचारून राहिलं? नवऱ्याचं सांगा."

"तेच सांगून राहिली ना. मोदक खाते तो."

"अन् सासऱ्याचं?"

"त्याचा बाप. कैलासावर राहते."

मागं रांग वाढलेली, कारकून घाईत, आणि मनातून थोडा चावटही असावा. त्यानं लिहून टाकलं, लंबोदर शंकर. माय लिहिणं-वाचणं न शिकलेली. कार्ड नीट घडी घालून घरी घेऊन आली. नावातला एक काना चुकला तरी अस्वस्थ होणारे बाबा ते वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बदलून आणा म्हटलं तर म्हणाले, "राहू दे ना वं. कोर्टात गनपत, राशनमंधी लंबोदर. तुह्या तोंडून तं कोनताच नाही निंघत." माय लाजून आत गेली.

त्यांना नुसतं "गनपत" म्हणणारा एकच माणूस होता, कडुनिंबाखालचे अर्जनवीस करीमभाई. दुपारी दोघं एका डब्यात जेवत. गल्लीत ते कोर्टवाले काका, ऑफिसात पुकारेवाले बाबा. करीमभाईंची ती हाक मी एकदोनदा ऐकली आहे. "क्यूं गनपत!" बाबा अशा वेळी चाळीस वर्षांनी लहान दिसत.

दोन गोष्टी ते आम्हाला पुनःपुन्हा सांगत. एक आनंदाची. खावटीसाठी, म्हणजे पोटगीसाठी, आलेली खेड्यातली एक बाई होती. तिचा नवरा वकिलासकट हजर, आणि हिचा पत्ता नाही. दुसरा पुकारा झाला. बाबांनी टोपी झटकली, पाणी प्यायलं, खडा काढला. तरी बाई नाही. आतून साहेबांनी विचारलं, "काय झालं रे?" बाबा घशाला हात लावून उभे राहिले, जणू आवाजच गेला. साहेब संतापले, लेखी समज देईन म्हणाले, आणि तेवढ्यात वहाणा हातात घेऊन ती बाई फाटकातून पळत आली. साहेबांनी समज खरंच दिली. पण बाबा त्या दिवशी गुळण्या न करता जेवायला बसले.

दुसरी गोष्ट ते सांगू लागले की माय उठून आत जाई. असाच एक कडक उन्हाळा. एका म्हाताऱ्याचा घराच्या हद्दीचा खटला होता. तीन पुकारे झाले. बाबांनी मध्ये थांबायचं तेवढं थांबून घेतलं, मग आत जाऊन सांगितलं, कोणी नाही, साहेब. दुपारी बाहेर आले तर दाराजवळच्या खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा, कानावरून घट्ट दुपट्टा बांधलेला, त्यांना विचारतो, "आमचा नंबर कवा लागते गा?" तो सकाळपासून तिथंच होता. बाबांनी पुकारा त्याच्या डोक्यावर उभं राहून दिला होता. तो ठार बहिरा होता. बाबांनी आत जाऊन हात जोडले, करीमभाईंनी नवीन अर्ज लिहून दिला, तारीख पडली. त्या तारखेला म्हातारा आला नाही. गावाहून निरोप आला की तो वारला.

"होता वं तो," निरोप आला त्या संध्याकाळी बाबा मायला सांगत होते, तेव्हा मी कोपऱ्यात अभ्यास करत होते. "माह्या पायाशी होता. अन् मी सांगतलं, कोनी नाही." त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढं नोकरी संपेपर्यंत तिसऱ्या पुकाऱ्याआधी ते व्हरांड्यात बसलेल्या, पेंगलेल्या एकेका माणसाच्या खांद्याला हात लावून नाव विचारत जायचे. इतर पट्टेवाले त्यांची टिंगल करत.

निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली. मग आधी नावं जायला लागली. देवानं निवडून तेवढंच न्यावं, तसं झालं. पोस्टमनचं नाव गेलं, करीमभाई वारल्याचं दोनदा सांगावं लागलं, आणि दोन्ही वेळा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. एक दिवस मला पाहून त्यांनी मायला विचारलं, "ह्या बाई कोनाकडच्या?" मी हसले. घरी जाताना सायकलरिक्षात बसून धरमपेठेपर्यंत रडले.

मग एक विचित्रच सुरू झालं. सकाळी अकराच्या सुमाराला ते टोपी घालून घराच्या दारात उभे राहायचे आणि भर गल्लीत पुकारा द्यायचे, "किसन वल्द धोंडबा, हाजिर हो!" आवाज अजून तोच होता. कोणी उत्तर दिलं नाही की तिसऱ्यानंतर आत येत, भिंतीसमोर मान खाली घालत आणि म्हणत, "कोणी नाही, साहेब." मग दिवसभर अन्नाला शिवत नसत. समोरच्या गोदाकाकूंनी हे दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी ओट्यावर मेथी निवडता निवडता त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हाजिर हाय, बापा, हाजिर हाय!" बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आत आले आणि भाकर कुस्करून मागितली. त्यानंतर कित्येक महिने गोदाकाकू रोज कधी किसन झाल्या, कधी रहमान, कधी शेवंताबाई. माय त्यांच्याकडे वाटीभर ताक पाठवायची.

तेही बंद झालं. बाबा पुढच्या खोलीत खाटेवर बसून दाराकडे बघत राहायचे, नुसते. भरवलं तर खात. "बाबा" म्हणून हाक मारली तर आपल्याला नाही, दुसऱ्या कोणाला मारली, असं वाटून बसून राहत. माय "ऐकता का" म्हणून थकली. कानाशी बांगड्या वाजवून पाहिल्या. एकदा त्यांनी मान थोडी वळवली असं तिला वाटलं, आम्हाला दिसलं नाही.

माझ्या सासरच्या ओळखीचे एक डॉक्टर स्कूटरवर महालात आले. तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, आणि मग जरा मोठ्यानं म्हणाले, "गणपतराव! अहो गणपतराव!"

बाबांची मान वळली. ओठ हलले. आम्ही तिघांनीही ते पाहिलं. मायनं तोंडाला पदर लावला.

"नाव अजून पोचतंय," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळं पुसलं तरी स्वतःचं नाव शेवटपर्यंत राहतं कधीकधी. घरात यांना नावानं कोण हाक मारतं?"

वसंतानं नाही म्हणून मान हलवली.

"मग मारा. ओळखीच्या आवाजात, रोज. बरे होतील असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे बघतील, दोन घास मागतील. आणि उशीर करू नका. हेसुद्धा किती दिवस पोचेल सांगता येत नाही."

डॉक्टर गेले. वसंतानं प्रयत्न केला. "गण..." म्हणाला आणि उठून नळावर तोंड धुवायला गेला. "बापाले नावानं हाक मारू काय गा? शिवी दिल्यासारखं वाटते," म्हणाला. मी शाळेत शिकवते, मला नावं घ्यायची सवय. मी हाक मारली, पण ती वर्गातल्या हजेरीसारखी निघाली, आणि ते हलले नाहीत. ओळखीचा आवाज म्हणजे कोणाचा, हे आम्हाला ठाऊक होतंच. आम्ही दोघं मायकडे पाहू लागलो.

"मी नाही," ती म्हणाली.

"माय, डॉक्टर सांगून गेले ना."

"डॉक्टरले काय होते? माह्या बहिनीचं काय झालं ते तुमाले माईत हाये." ती बाबांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत होती. "जेवढे हायेत तेवढे तं हायेत ना खाटेवर. हाक मारून तेवढेबी घालवू काय?"

मला राग आला, फार आला. शिकलेली बाई मी, काय काय बोलले तिला. पण तिच्या जागी मी असते तर? आजही सांगता येत नाही. हाक मारली नाही तर ते हळूहळू जाणार, आणि मारली तर आपल्या हातानं गेले असं होणार. दोन्हीकडून माणूस जाणारच, आणि तिला त्यातून निवडायला सांगितलेलं.

तिनं मधली वाट काढून पाहिली. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. उखाण्यात नाव घेतलं तर चालतं, त्याला दोष नाही. दिवस मावळायच्या आधी ती बाबांच्या खाटेशी जाऊन बसली, डोक्यावरून पदर घेतला आणि नव्या नवरीसारखी खालमानेनं म्हणाली,

"कोर्टाच्या दारी उभे, हाक देते साऱ्याले,
गनपतरावाचं नाव घेते, साक्ष ठेवून दाराले."

बाबा दाराकडे बघत होते. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. "आयकलं नाही त्यायनं," ती शेवटी म्हणाली. मी म्हटलं, "माय, उखाणा म्हणजे हाक नसते." ती उठून स्वयंपाकाला लागली.

थंडी गेली. आम्ही म्हणत राहिलो, ती उद्या-परवा करत राहिली. ऊन तापू लागलं तसं बाबा घास गालात धरून ठेवू लागले, गिळायचं विसरायचे. वसंतानं मला निरोप पाठवला आणि मी शाळेला रजा टाकून आले. मी आले तेव्हा माय न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "बसा दोघंबी." मग मंगळसूत्र मुठीत धरलं.

"गनपतराव," ती म्हणाली. एवढ्या हळू, की मी तिच्या ओठांवरूनच ओळखलं.

बाबा छताकडे बघत होते.

तिनं श्वास घेतला. "गनपत!" या वेळी स्पष्ट, करीमभाई मारत तशी. मी बाबांच्या ओठांकडे पाहत होते. हलले नाहीत. मान वळली नाही. डोळ्यांची पापणी नेहमीसारखी लवली, बस्स. उशीर झाला होता.

"आखरी एकदा, माय," वसंता म्हणाला. "जोरानं."

"नाही." तिनं त्याला हातानं अडवलं. "दुसऱ्या अन् तिसऱ्याच्या मधात मानूस येते. तिसरा झाला का मंग संपलं. तो बुढा नव्हता काय, खांबाशी बसून? होता ना तो? हेबी असतीन आतमंधी. आयकू नाही येऊन राहिलं, बस. थांबा जरा."

आणि ती उठली. खुंटीवरची बाबांची टोपी काढून झटकली, पुन्हा टांगली. माठातलं पाणी प्यायली. दारात जाऊन चप्पल हातात घेतली, उलटी करून खडा झाडला. मी तोंडात पदराचा बोळा धरून बसले होते. वसंता भिंतीकडे तोंड करून उभा होता. ती परत येऊन खाटेशी बसली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. तिसरा पुकारा तिनं दिला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरच्या दिवसांतही नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी बाबा गेले. पिकलं पान होतं, भरल्या घरात गेले, असं लोक म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. पण मायचं एकच. "मी दोन हाका मारल्या अन् ते गेले." तुझ्या हाकेनं नाही गं, आम्ही म्हणत राहिलो. ती नुसती आमच्याकडे बघायची. आधी मारली असती तर, हे मात्र आमच्यापैकी कोणी तिच्यासमोर उच्चारलं नाही. ते तिला आमच्या आधी कळलं होतं.

दुपारी तिरडी बांधली. शेजारच्या बायकांनी मायला मोरीशी नेलं आणि बांगड्या फोडल्या, एका बोटानं हलणाऱ्या त्या बांगड्या. मग वसंतानं मडकं उचललं, पुरुषांनी खांदा दिला आणि सगळे निघाले. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. आम्ही दारातच उभ्या. तिरडी गल्लीच्या वळणाशी पोचली, जिथं रोज सायकलची घंटी वाजायची तिथं, तेव्हा माय आमच्यातून वाट काढून ओट्यावर आली.

"काय करतेस माय?" मी तिचा हात धरला.

तिनं तो सोडवून घेतला. "आता काय कमी होनार हाये?"

आणि जन्मात कधी जिचा आवाज शेजारी गेला नव्हता, तिनं आख्ख्या गल्लीवरून आवाज टाकला.

"गनपत वल्द महादेव, हाजिर हो!"

खांदेकरी जागच्या जागी थांबले. वसंता मडकं धरून तसाच उभा राहिला. मागं वळून बघायचं नसतं, म्हणून त्यानं पाहिलं नाही. समोरच्या ओट्यावर गोदाकाकूंचं तोंड सवयीनं अर्धवट उघडलं, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

थोड्या वेळानं खांदेकरी चालू लागले. पांढरं कापड वळणाआड गेलं.

माय वळली. उंबऱ्यावरून आत आली, रिकाम्या खाटेसमोर उभी राहिली, मान खाली घातली आणि म्हणाली, "कोनी नाही, सायेब."